कॅराव्हॅनचा तळ पनवेलजवळ, सहली ठाणे–नवी मुंबईच्या: चार रात्रींचं निवांत नियोजन

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून पाच जण येणार, त्यात सत्तरीचे आजी-आजोबा आणि नऊ वर्षांची मुलगी. भाड्याने घेतलेली सहा मीटर लांबीची कॅराव्हॅन, चार रात्री, डिसेंबर किंवा जानेवारी. ठाणे आणि नवी मुंबईच्या आसपास रोज एक छोटी सहल करायची, धावपळ नको. गाडी कुठे लावावी, रोज कुठे जावं, आणि पाणी, वीज, शौचालय यांचं गणित कसं बसवावं?

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. गाडी एकदाच लावा आणि परतीच्या दिवसापर्यंत हलवू नका. कॅराव्हॅन हे चाकांवरचं घर आहे. रोजच्या भटकंतीचं वाहन म्हणून ती या भागात फार गैरसोयीची पडते. गाडी हलवायची म्हणजे भांडी बांधा, गॅस बंद करा, वायर गुंडाळा, सांडपाण्याची टाकी रिकामी करा, पलंगाच्या पुन्हा खुर्च्या करा. पाच माणसांच्या गाडीत याला सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी अर्धा तास सहज जातो. शिवाय छतावरचा एसी आणि सोलर पॅनल धरून गाडीची उंची तीन मीटरच्या आसपास जाते. मॉलच्या आणि स्टेशनच्या तळघरातल्या पार्किंगची कमान बहुधा २.१ ते २.४ मीटरची असते. म्हणजे ठाण्यात गाडी नेली तर ती रस्त्यावरच उभी करावी लागणार, आणि गोखले रोडवर किंवा तलावपाळीला सहा मीटरची गाडी उभी करण्याइतकी जागा दिवसभरात मिळत नाही. उलट या भागाकडे एक गोष्ट भरपूर आहे, ती म्हणजे लोकल. घर पनवेलला उभं करायचं आणि पाय लोकलमध्ये ठेवायचे.

तळासाठी माझी पसंती पनवेलच्या पूर्वेचा नेरे–वाजे–मालडुंगे पट्टा. पनवेल स्टेशनपासून आठ-दहा किलोमीटर, गाढी नदीचं खोरं, समोर प्रबळगड आणि माथेरानची रांग. इथे शेतघरं पुष्कळ आहेत आणि पुण्याहून येताना शहरात शिरावं लागत नाही. ठाण्याजवळचं येऊर नावाने मोहात पाडतं, पण तिथला रस्ता अरुंद, चढाचा आणि राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे. मोठी गाडी समोरासमोर आली की मागे घेणं अवघड होतं. घोडबंदर रस्त्यावर रात्रंदिवस अवजड वाहनं असतात, गायमुखच्या चढावर एक ट्रक बंद पडला की तासन्‌तास रांग हलत नाही. खारघर, उलवे इथे रस्त्याकडेच्या मोकळ्या भूखंडांवर रात्र काढायचा विचार करू नका. ती जागा कोणाच्या तरी मालकीची असते, आणि तिथे ना पाणी, ना संडास, ना राखण.

शेतघर ठरवताना फोटोवर विसंबू नका, फोनवर पाच गोष्टी विचारा. फाटकाची रुंदी किती? तीन मीटरपेक्षा कमी असेल तर नको. आत जाताना आंब्याची फांदी किंवा विजेची तार किती उंचीवर आहे? साडेतीन मीटर तरी हवी. जमीन मुरमाची आहे की लॉन? लॉन दिसायला छान, पण रोज पाणी घातलेल्या लॉनमध्ये साडेतीन-चार टनांची गाडी रात्रीत दोन-तीन इंच रुतते आणि मागची चाकं जागेवरच फिरत राहतात. पंधरा किंवा सोळा अँपिअरचा प्लग गाडीपासून किती लांब? आणि संडासाची सेप्टिक टाकी आहे का, त्यात कॅसेट, म्हणजे गाडीतल्या संडासाची काढता येणारी टाकी, ओतू देतील का? शेवटच्या प्रश्नाला लोक लाजतात, पण तोच आधी विचारायचा.

येताना घाट. बोरघाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. तिसऱ्या, गरज पडली तर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनलाच गाडी धरू द्या. भरलेली कॅराव्हॅन कारच्या दुप्पट-तिप्पट वजनाची असते. सतत दाबलेला ब्रेक तापतो, लायनिंगची पकड जाते आणि पेडल खाली जाऊनही गाडी थांबत नाही. जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबून अर्धा तास गार होऊ द्या, चाकांवर पाणी ओतू नका. निघताना पाण्याची टाकी चतुर्थांशच भरा. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, आणि ते बहुधा मागच्या आसावर येतं. पाणी मुक्कामी भरायचं.

कागदपत्रांचं एक आवर्जून पाहा. आरसी बुकात गाडीची नोंद कॅम्पर व्हॅन किंवा मोटर कॅराव्हॅन अशी हवी, आणि तिथे लिहिलेल्या आसनांपेक्षा जास्त माणसं चालत्या गाडीत नकोत. पलंगावर झोपून प्रवास करायचा नाही, आजींनीही नाही. प्रत्येकाला पट्ट्याची खुर्ची. परवान्याची शंका अनेकांना असते: एकूण भारित वजन ७,५०० किलोपर्यंत असलेली गाडी हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर चालते, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये हेच स्पष्ट केलं आहे. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावरची कॅराव्हॅन त्या मर्यादेच्या बरीच आत येते. महाराष्ट्राचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ पासून आहे. भाड्याने गाडी देणाऱ्याकडे पर्यटन संचालनालयाची नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नका.

आता गाडी लावणं. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडून जातो. आपल्याकडे कॅराव्हॅनचं दार डावीकडे असतं, म्हणून गाडीचं तोंड पूर्वेला केलं की दार आणि ताडपत्रीची सावली उत्तरेला येते आणि दिवसभर टिकते. आजी-आजोबांच्या खुर्च्या तिथेच. आंब्याच्या झाडाखाली गाडी लावली तर सोलर जवळजवळ शून्य होतं. झाडाची सावली हवी की वीज, हे आधी ठरवा. वीज जोडायची सोय असेल तर झाड घ्या. गाडी समतल करायला एक इंच जाडीच्या फळ्या चार-सहा सोबत ठेवा. आधी आडव्या बाजूने, खालच्या चाकाखाली फळी घालून गाडी चढवा, मग हँडब्रेक आणि चाकांना अडणी. ओट्यावर पाण्याची अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवली की बुडबुडा कल दाखवतो. कल राहिला तर न्हाणीचं पाणी कोपऱ्यात साचतं, कपाटं आपोआप उघडतात आणि डोकं खाली, पाय वर अशी झोप लागते. गॅसवर चालणारा ॲब्सॉर्प्शन फ्रिज असेल तर कल त्याला अजिबात चालत नाही, कारण त्यातला द्रव केवळ उतारावर फिरतो. कॉम्प्रेसरच्या फ्रिजला एवढं नाजूक नाही.

विजेचं गणित कागदावर करा. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज आपल्या हवेत दिवसाला ५०० ते ६०० वॅट-तास खातो. दोन छोटे पंखे रात्रभर चालले तर ३०० ते ४००, दिवे आणि मोबाइल मिळून १५०, पाण्याचा पंप नगण्य. म्हणजे साधारण ९५० ते ११५० वॅट-तास. २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी साधारण २५६० वॅट-तासांची, त्यातले दोन हजार वापरता येतात. एक पूर्ण दिवस आणि वर थोडी राखीव. तेवढ्याच क्षमतेच्या लेड-ॲसिड बॅटरीतून मात्र अर्धंच काढायचं, त्याखाली गेलात की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. ४०० वॅटचं पॅनल स्वच्छ उन्हात दिवसाला १४०० ते १६०० देतं. तळोजा आणि कळंबोलीकडची धूळ बसली की बराच फटका बसतो. सकाळी दव असतानाच ओल्या फडक्याने पुसून घ्या. एसी मात्र बॅटरीवर चालेल ही अपेक्षा ठेवू नका, आठ तासांना पाच हजार वॅट-तास कुठून आणणार? जानेवारीत नेऱ्याच्या खोऱ्यात रात्री एसी लागत नाही, पांघरूण लागतं.

शेतघराच्या प्लगला जोडताना घाई करू नका. साध्या मल्टीमीटरने तीन मोजमापं घ्या: फेज ते न्यूट्रल २१० ते २४० व्होल्ट, फेज ते अर्थ जवळजवळ तेवढेच, न्यूट्रल ते अर्थ पाचच्या आत. फेज ते अर्थ शून्य किंवा शंभरच्या आसपास अधांतरी दाखवत असेल तर अर्थिंग नाही, आणि मग गाडीच्या पत्र्याला करंट उतरू शकतो. ओल्या पायाने दार उघडणाऱ्याला तो बसतो. अशा जागी वीज घेऊ नका. गाडीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, हवी आणि तिचं टेस्ट बटण पहिल्याच दिवशी दाबून पाहायचं. वायर तीन कोअरची, २.५ चौरस मिलिमीटर, आणि रीळ पूर्ण उलगडून. गुंडाळलेल्या रिळावर गिझर किंवा इंडक्शन चालवलं की आतली वेटोळी तापून प्लास्टिक वितळतं. कॅराव्हॅनच्या वायरी जळण्याचं हे नेहमीचं कारण. सहा अँपिअरच्या छोट्या प्लगवर मोबाइल आणि बॅटरी चार्जर एवढंच.

पाणी: आटोपशीर अंघोळ धरून माणशी २५ लिटर पुरतात, म्हणजे तुम्हाला रोज सव्वाशे. टाकी शंभरची असेल तर अंघोळी शेतघराच्या न्हाणीत करा आणि गाडीतलं पाणी स्वयंपाक, हात-तोंड आणि रात्रीसाठी ठेवा. भाड्याच्या गाडीची टाकी ताब्यात घेतल्यावर निर्जंतुक करा: शंभर लिटर पाण्यात ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट १०० मिलिलिटर, सगळे नळ उघडून वास येईपर्यंत सोडायचे, चार तास ठेवायचं, मग दोनदा टाकी भरून रिकामी करायची. प्यायला वेगळं पाणी. बोअरचं पाणी टाकीत भरताना पाइपाच्या तोंडाला गाळणी लावा, नाहीतर मुरमाची कच पंपाच्या पडद्यात अडकते आणि पंप नळ बंद असतानाही टकटक करत राहतो.

कॅसेट संडास १८ ते २० लिटरचा असतो. पाच माणसांत तो दीड दिवसात भरतो. दिवसा शेतघराचा संडास, गाडीतला फक्त रात्रीसाठी, असा नियम केला तर तीन दिवस जातात आणि आजोबांना रात्री अंधारात बाहेर पडावं लागत नाही. सेप्टिक टाकीत ओतायचं असेल तर फॉर्मल्डिहाइड नसलेलं, जैविक औषध वापरा. फॉर्मल्डिहाइड टाकीतले मैला कुजवणारे जिवाणूच मारून टाकतं. गटारात, ओढ्यात, खाडीत हे कधीच ओतायचं नाही. गाढी नदी पुढे पनवेलच्या खाडीला मिळते, आणि त्या खाडीवर अजून मासेमारी चालते.

आता सहली. इथे नियोजनाची गुरुकिल्ली सांगतो: तारखा सुट्टीवरून नाही, तिथीवरून ठरवा. या भागातल्या निम्म्या गोष्टी भरती-ओहोटीवर चालतात. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्या, त्याचे पाऊण करा, जे येईल ते पूर्ण भरतीचे वाजलेले. पंचमीला पावणेचार, पहाटे आणि दुपारी दोन्ही वेळा. अष्टमीला सहा. साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. रोज भरती पाऊण-एक तासाने पुढे सरकते. हा हिशेब मुंबई बंदराचा. ठाणे खाडीत आतवर पाणी चढायला आणखी वेळ लागतो. अचूक वेळेला छापील तक्ता पाहायचाच, पण आठवडा निवडायला तिथी पुरते.

तृतीया ते षष्ठी, मग ती शुद्ध असो वा वद्य, हे दिवस तुम्हाला सगळ्यात सोयीचे. भरती दुपारी सव्वादोन ते साडेचारच्या दरम्यान येते. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात चरतात आणि पाणी चढलं की नेरुळ–सीवूड्सच्या पाणथळींवर विश्रांतीला येतात. डीपीएस तलाव आणि टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेमागची पाणथळ या त्यातल्या ठळक जागा. तेव्हा पूर्ण भरतीच्या आधी तासभर पोचायचं आणि मावळतीपर्यंत बसायचं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही, चिखलाचे पट्टे उघडेच राहतात आणि पक्षी खाडीतच पसरून राहतात. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला पाणी खूप चढतं, पण भर दुपारी. ऊन डोक्यावर आणि फोटो पांढरे. डिसेंबरात थवे लहान असतात, जानेवारीपासून संख्या वाढते. चार रात्री निवडायच्याच असतील तर जानेवारीचा उत्तरार्ध घ्या. तळ्यात खाडीचं पाणी येण्याचे मार्ग तुंबले की शेवाळ धरतं आणि पक्षी तिकडे फिरकत नाहीत, म्हणून एका तळ्यावर दिसले नाहीत तर तिथेच ताटकळू नका, दुसऱ्याकडे चला. पनवेलहून हार्बर लोकलने सीवूड्स किंवा नेरुळ, पुढे रिक्षा. दुर्बीण ८×४२ पुरेशी. आजोबांसाठी घडीचं स्टूल न्या, कठड्यावर बसायला जागा सगळीकडे नाही. ड्रोन नको, आणि थवा उडावा म्हणून टाळ्या तर मुळीच नकोत. उडण्यात त्यांची चरून मिळवलेली ताकद वाया जाते.

ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र हा याच विषयाचा दुसरा दिवस. तिथून वन खात्याच्या बोटी ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात जातात. हे अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झालं आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत आलं. बोटीची वेळ भरतीवर ठरते आणि रोज बदलते, म्हणून आरक्षण आधी, बाकी दिवस त्याच्याभोवती. बोटीत चढताना पायऱ्या ओल्या असतात. आजींना चप्पल नको, पट्ट्याचे बूट हवेत. केंद्रातली कांदळवनाची पायवाट आणि प्रदर्शन मुलीला बोटीइतकंच आवडेल. श्वसनमुळं वर का येतात हे पुस्तकात वाचणं वेगळं, चिखलातून वर आलेली हजारो टोकं पाहणं वेगळं.

ठाण्याचा दिवस पनवेल–ठाणे थेट लोकलने. तासाभराचा प्रवास, उतरल्यावर दगदग नाही. पनवेलहून अकरानंतर निघा, ठाण्याहून साडेचारच्या आत परतीची गाडी धरा, म्हणजे आजी-आजोबांना दोन्ही वेळा बसायला मिळतं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली प्रवासी गाडी ठाण्यालाच आली, ते मुलीला फलाटावरच सांगा. मग कोपिनेश्वर मंदिर, मासुंदा तलाव, म्हणजेच तलावपाळीची सावकाश एक फेरी, आणि तहसील कचेरीजवळची मामलेदारची मिसळ. ती खरंच तिखट असते. मुलीसाठी कमी तिखट मागा. चालण्याची ताकद उरली असेल तर आणखी एकच तलाव घ्या, कचराळी किंवा उपवन. दोन्ही करू नका. रविवार मात्र टाळा. मेगाब्लॉक बहुधा रविवारी असतो, आणि वृद्ध माणसांना घेऊन अर्ध्या वाटेत गाडी बदलणं हा दिवस वाया घालवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. चालणारी मंडळी असतील तर ठाण्याऐवजी अंबरनाथचं शिवमंदिर बघा. शिलाहारांच्या काळातलं, शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० च्या शिलालेखाचं. बाहेरच्या भिंतींवरची मूर्तिकला दुपारच्या तिरक्या उन्हात उठून दिसते.

उरणला रस्त्याने जाऊ नका, हे ठासून सांगतो. न्हावा-शेवा बंदराचे कंटेनर ट्रेलर गव्हाण फाटा, जासई, करळ या पट्ट्यात दिवसरात्र चालतात. चाळीस फुटी ट्रेलरच्या रांगेत कार अडकली तरी तास जातो. १२ जानेवारी २०२४ पासून लोकल थेट उरणपर्यंत जाते. पनवेलहून बेलापूर किंवा नेरुळला गाडी बदलायची. फेऱ्या मोजक्या आहेत, म्हणून परतीची वेळ आधी लिहून घ्या. उरणहून रिक्षाने पीरवाडीचा किनारा. ओहोटीला खडक उघडे पडतात आणि मुलीला खेकडे, शंख बघता येतात. पण तिथे पोहायचं नाही, खडक निसरडे आहेत आणि ओढ फसवी आहे. मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला लाँच जाते, ती भरतीतच धरा. पूर्ण ओहोटीला धक्क्यापाशी गाळ उघडा पडतो आणि फेऱ्या थांबतात. घारापुरी मनात असेल तर सोमवार सोडून, लेणी सोमवारी बंद असतात.

कर्नाळा हा एकच असा दिवस, ज्याला भाड्याची कार करणं योग्य. पनवेलपासून मुंबई–गोवा महामार्गावर बारा किलोमीटर, अभयारण्य १२.११ चौरस किलोमीटरचं. फाटक उघडताच आत शिरा. नऊनंतर शाळांच्या सहली येतात आणि पक्षी गप्प होतात. प्लास्टिकच्या बाटल्या मोजून अनामत घेतात, म्हणून स्टीलच्या न्या. आजी-आजोबांनी खालच्या सपाट वाटेवर बसावं, बाकीच्यांनी हरियाल निसर्गवाट करावी. किल्ल्याच्या सुळक्याला आग्या मोहोळं असतात. अत्तर, धूर, आरडाओरड काहीही नको. माकडं पिशवी ओढतात, खाण्याचा डबा झाकून ठेवा.

मधला एखादा दिवस अगदी हलका ठेवा: बेलापूरहून मेट्रोने खारघरचं सेंट्रल पार्क. ही मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली, बेलापूर ते पेंधर ११ किलोमीटर. स्टेशनांना लिफ्ट आहे, उन्नत मार्गावरून पारसिक आणि खारघरचे डोंगर दिसतात, आणि गर्दी लोकलच्या मानाने काहीच नाही. किंवा कुठेच जाऊ नका. शेतघरावर पोपटी लावा.

पोपटीचा हंगाम याच दिवसांत असतो. रुंद तोंडाचं मातीचं मडकं, तळाला भांबुर्डीच्या पाल्याचा जाड थर, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मध्ये बटाटे, अंडी, आणि खाणाऱ्यांसाठी मसाला चोळलेलं कोंबडीचं मांस केळीच्या पानात बांधून. पाण्याचा थेंबही नाही, पाल्याचा आणि शेंगांचा ओलावाच वाफ देतो. तोंड पाल्याने घट्ट बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती गवत, गोवऱ्या, सुकी लाकडं रचून पेटवायचं. अर्धा ते पाऊण तास. मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडले आणि चर्र होऊन लगेच उडाले की झालं. जाळ कमी पडला तर शेंगा चिवट राहतात, पाला कमी पडला तर तळाचं करपतं. जाळ गाडीपासून निदान पंधरा पावलं लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, आणि गाडीची ताडपत्री तेवढ्या वेळापुरती गुंडाळलेली. गॅसची टाकी ज्या कप्प्यात आहे त्या बाजूला तर मुळीच नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर जमिनीवरून सरपटत जातो. गाडीत गॅसच्या कप्प्याच्या तळाला भोक असतं ते त्यासाठीच. थंडी आत येते म्हणून कोणी चिंधी कोंबली नाही ना, हे पहिल्याच दिवशी वाकून पाहा.

रात्री दारं-खिडक्या घट्ट लावून झोपू नका. पाच जणांच्या श्वासातून रात्रीत लिटरभर पाणी सुटतं, ते काचांवर आणि गादीखाली दवासारखं जमतं, आणि तिसऱ्या दिवशी गादीच्या पोटाला काळी बुरशी दिसते. छताची झडप दोन बोटं आणि समोरची एक खिडकी तेवढीच उघडी, दोन्हींना जाळी. सकाळी गाद्या उभ्या करायच्या. गारठा पडला म्हणून गॅसची शेगडी पेटती ठेवून झोपणं जिवावर बेततं, कारण बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो.

परतीच्या दिवशी सकाळी क्रम असा ठेवा: आधी कॅसेट, मग सांडपाणी, मग स्वच्छ पाणी चतुर्थांशावर, मग गॅसचा नॉब टाकीवरच बंद, वायर प्लगकडून आधी काढायची आणि गाडीकडून नंतर, छताची झडप, पायरी आत, अडणी आणि फळ्या. शेवटी एकाने गाडीभोवती पूर्ण फेरी मारायची. उघडी राहिलेली छताची झडप आणि बाहेर राहिलेली पायरी, पहिल्या किलोमीटरला मोडणाऱ्या गोष्टी बहुतेक याच दोन. टायरमधली हवा गार असतानाच, दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत दिलेल्या आकड्याप्रमाणे पाहा. मग सकाळी सातच्या आत पळस्पे ओलांडा, त्यानंतर तिथे बंदराची वाहतूक दाटते.